फॉरमॅट करू का, विचारतंय

नागुबाई : हात काढ त्या बटनावरनं, जावेद. आधी मला सांग, ते काय विचारून राहिलं?

जावेद : नेहमीचंच हाय, मावशी. म्हणतंय, हा पेन ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागंल. करू का? हौ म्हणलं की मोकळं.

नागुबाई : मोकळं म्हंजे?

बुद्धप्रिया : म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणार, आजी. जावेदभाई, हात लावू नका ना.

जावेद : पुसायला आत हाय काय, ताई? काहीच दिसत न्हाई. दुकानातल्या त्या दुसऱ्या कंप्युटरलाबी लावून बघितला, तिथंबी तेच म्हणतंय.

बुद्धप्रिया : रिकामा कसा असेल? पुण्यात माझ्या मैत्रिणीच्या, नाझनीनच्या लॅपटॉपवर मी स्वतः चालवून बघितला. हृदय कसं चालतं, त्यावरचा माझा अख्खा तास आहे त्यात. चित्रं मी काढली, आवाज मी दिला. दिवाळीपासून तेच करत होते.

जावेद : मग नाझनीनला म्हणा, परत पाठव.

बुद्धप्रिया : लॅपटॉप कंपनीचा होता. तिनं नोकरी सोडली, त्यांनी तो परत घेतला आणि साफ केला. आता जे आहे ते या एवढ्याशा डबीत.

नागुबाई : आन् ते तिकडं क्लासवाले नोकरीसाठी तुझा तास बघायची वाट बघून राहिले.

बुद्धप्रिया : आत्ताच शिवमूर्ती सरांचा फोन होता. म्हणाले, नांदेडच्या एका मॅडमही आल्यात, तुम्ही येत नसाल तर त्यांचं आधी बघतो. मी म्हटलं, निघालेच आहे. खोटंच सांगितलं. फळ्यावर शिकवू का विचारलं, तर म्हणाले, फळ्यावर शिकवणारे लातुरात गल्लोगल्ली आहेत.

नागुबाई : मोठा आला गल्ल्या मोजणारा. मागच्या साली माझ्याच खानावळीत जेवत होता, वरण पातळ हाय म्हणून नाक मुरडायचा. जावेद, तू बोल. तुझं तोंड कामून उतरलं?

जावेद : मावशी, एक इलाज हाय. फॉरमॅट मारू, मग एक सॉफ्टवेअर येतं, ते पुसलेलं परत वर काढतं. निघतं बरंचसं.

नागुबाई : आधी पुसायचं आन् मग हुडकायचं. कोण शिकवलं रे तुला हे शहाणपण?

जावेद : सगळे तसंच करतात, मावशी.

बुद्धप्रिया : आजी, करू दे त्यांना. थोडं तरी हाताला लागेल. नाहीतर मी सरांना काय दाखवू? परत तुझ्या परातीत कणीक मळत बसू?

नागुबाई : माझी परात काही वंगाळ न्हाई, तिच्यावरच शिकलीस. पर हो म्हणायचं न्हाई.

बुद्धप्रिया : तुला यातलं काय कळतं गं?

नागुबाई : काही कळत न्हाई. दुसरीतनं शाळा सुटली माझी. पर हे असं विचारणं मी ऐकलेलं हाय. भूकंपात किल्लारीकडचं आपलं घर बसलं, तवा असाच एक साहेब आला. ढिगाला कान लावला, हाका मारल्या, म्हणला, इथं काही न्हाई, मशीन लावून सपाट करू का. माणूस चांगला होता बिचारा, विचारून करत होता. समदे हो म्हणले. तुझ्या मायबापाची मढी आदल्या दिवशीच काढली होती. लेकराचं काय उरलं असंल, म्हणले.

बुद्धप्रिया : पण मला तर मिलिटरीनं काढलं ना?

नागुबाई : ती मागनं आली, दुसरी टोळी. तवर मी ढिगावर बसून होते. मशीनवाल्याला म्हणलं, घाल माझ्या अंगावर. मला आवाज येऊन राहिला. मग त्या मिलिटरीच्या पोरांनी कान लावला, तर तू खाली वाटी वाजवत होतीस. ढीग तोच. पहिल्याला ऐकू आली न्हाई, दुसऱ्याला आली.

बुद्धप्रिया : हे तू कधी बोलली नाहीस. तुला खरंच येत होता आवाज?

नागुबाई : न्हाई.

बुद्धप्रिया : मग?

नागुबाई : मग काय? हो म्हणायचं न्हवतं.

जावेद : ताई, थांबा जरा. तो नाझनीनचा लॅपटॉप कोणता होता?

बुद्धप्रिया : ॲपलचा.

जावेद : तौबा. हे आधी सांगायचं ना! ॲपलवर तयार केलेला ड्राइव्ह हाय हा. माझे दोन्ही कंप्युटर विंडोजचे, त्यांना तो वाचताच येत न्हाई. म्हणून म्हणतात, पुसा आन् आमच्या पद्धतीनं लावा.

नागुबाई : म्हंजे ह्याला वाचता येत न्हाई, आन् रिकामा म्हणून बोंब मारून राहिला.

जावेद : हौ. मागं सादचा, माझ्या भावाचा, जुना डबा कंप्युटर पडलाय. त्याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलंय त्यानं. त्याला ॲपलचं बहुतेक वाचता येतं. बदलता येत न्हाई, नुसतं बघता येतं.

नागुबाई : आपल्याला बघायचंच हाय. लाव.

बुद्धप्रिया : हळू काढा, जावेदभाई. आजी, माझा हात धर.

नागुबाई : धरला. तू तिकडं बघ.

जावेद : थांबा, चालू व्हायला वेळ घेतो हा. हं. घेतला आत. विचारलं तर काही न्हाई यानं.

बुद्धप्रिया : फोल्डर दिसतोय?

जावेद : एक दिसतोय. त्यात एकच फाइल. तुमचीच हाय का बघा.

बुद्धप्रिया : माझीच. पण उघडेल का? नुसतं नाव दिसतं कधीकधी. उघडा ना.

जावेद : उघडली. काळं दिसतंय सगळं.

बुद्धप्रिया : सुरुवातीला काळंच आहे. पण एवढा वेळ नव्हतं. जावेदभाई, एवढा वेळ नव्हतं!

जावेद : जुना डबा हाय, ताई, दम धरा. आधी माझ्या ड्राइव्हवर उतरवून घेऊ का? माझा दोन्हीकडं चालतो, क्लासातबी लागंल.

बुद्धप्रिया : आधी चालतंय का ते तर कळू दे.

नागुबाई : दोघंबी गप बसा.

बुद्धप्रिया : आजी, सरांचा परत फोन येतोय, काय सांगू—

नागुबाई : गप म्हणले ना.

(पडद्यावरचं काळं हळूहळू तांबूस होतं.)

नागुबाई : आवाज येऊन राहिला.