पित्त उठा है

मला पित्त उठतं, हे कलकत्त्यात सांगून सांगून मी थकलो हो. बदलीवर नवा होतो. महिनाभर मेसचा मासा सुखानं खाल्ला आणि एके दिवशी अंगभर गांधी उठल्या. बंगाली डॉक्टरांना म्हटलं, "पित्त उठा है." त्यांच्या लेखी पित्त पोटातलं. मी बाही वर सारायच्या आत लिव्हरचं औषध लिहून म्हणाले, "हलकं खा. माशाचा पातळ झोल." तो रस्साही निमूट खाल्ला. डोळे असे सुजले की उघडेनात!

तेव्हा कुठे त्यांनी अंग पाहिलं. "अरे, ही तर ॲलर्जी! तुमच्या शरीराचा गैरसमज झालाय. बिचाऱ्या माशाला ते शत्रू समजून लढतंय."

म्हटलं, "डॉक्टर, गैरसमज शरीराचा झाला, तुमचाही झाला. खाजवतोय मात्र मी एकटा."