शाल त्यांची, गोळ्या माझ्या

माझं माहेर शिंदखेड्याकडचं, बाप शेतमजूर, आम्ही चौघी बहिणी, त्यात मी सगळ्यात तोंडाळ, माय म्हणायची या पोरीच्या पोटात गोष्ट राहत नई. आन् काय सांगू तुम्हाला ताई, एक गोष्ट मी दोन वर्षं पोटात ठेवली. लग्न झालं धुळ्याच्या बँडवाल्याशी. क्लॅरिनेट वाजवतात आमचे हे, लग्नसराईत आठ-आठ दिवस घरी नसतात, पण वाजवायला लागले की नवरी रडायची थांबते, खोटं नई सांगत, माणूस गुणाचा शे.

त्यांना टीबी झाला तेव्हा रक्त तपासलं, एचआयव्ही निघालं, मग माझं तपासलं, माझंही निघालं. कोणामुळे काय ते मी विचारलं नई, विचारून रक्त धुतलं जातं का? दोघांना एआरटीच्या गोळ्या सुरू झाल्या, सारख्याच, रोज सकाळी भाकरी खाल्ली की एक. सेंटरवरच्या कौन्सिलर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गोळ्या चुकवल्या तर विषाणू गोळीला सरावतो, मग ती चालत नई, सेकंड लाइनची, म्हणजे दुसरी जड औषधं लागतात.

आन् वैशाखात साक्रीकडच्या एका लग्नात यांची पिशवी हरपली, दोन महिन्यांच्या गोळ्या तिच्यात. तोंड पाडून घरी आले, म्हणे कोनले सांगू नको, मॅडम रागावतीन, बँडमास्तरला कळलं तर काम जाईल. आता टीबीतून उठलेला माणूस, क्लॅरिनेट फुंकायला दम पुरत नव्हता, त्याच्या गोळ्या मी कशा बंद करू? माझ्या बाटल्यांतून रोज त्यांना दिल्या. मागच्या शिल्लक पाच-सात होत्या, त्या मी पुरवून पुरवून खाल्ल्या. त्यांनी एकदा विचारलं, तुझं काय? मी म्हटलं हायेत माझ्याकडं. परत त्यांनी विचारलं नई.

मग व्हायरल लोड काढला, रक्तात विषाणू किती ते. यांच्या कागदावर टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे मशीनला रक्तात विषाणू सापडलाच नई. माझा हजारांत. मॅडम म्हणे बाटल्या तर रिकाम्या, गोळ्या गेल्या कुठं, गटारीत टाकल्या का? भाऊंकडून शिका जरा. आन् भाऊ शेजारी बसलेले, पायाच्या अंगठ्याकडं बघत. माय वं! सवत आली असती तरी मी एवढी जळली नसती, जेवढी त्या कागदावर जळली. तो कागद माझा होता ना ताई, माझ्या गोळ्यांचा होता.

पुढं सेंटरवर कार्यक्रम झाला, यांना शाल आन् नारळ दिला, नियमाचा पेशंट म्हणून. बठ्ठे टाळ्या वाजवत होते, मीपण वाजवल्या, हात नुसते आपटले. माईक दिला तर काय बोलले? वेळ पाळली बस. घरी आल्यावर मी भांडी आपटली, म्हटलं एक शब्द माझ्या नावाचा नई निघाला? तर म्हणे निघत होता, मॅडमकडं पाह्यलं आन् गिळला.

माझं मात्र तीन महिने समुपदेशन चाललं. तिथंच एक दिवस मॅडम दुसऱ्या बाईला सांगत होत्या, अक्का, बाटली हरवली तर लपवू नका, लगेच या, दुसरी मिळते. एवढंच होतं. मी तिथं बाकावर बसून डोक्याला हात लावला.

गोळ्या नेमानं घेतल्या, पुढच्या तपासणीत माझाही कागद आला, टार्गेट नॉट डिटेक्टेड. मला कोणी शाल दिली नई. यांनी कागद दोनदा वाचला, आन् तेव्हापासून रोज सकाळी आधी माझी गोळी माझ्या हातावर ठेवतात, मी गिळली की मग स्वतःची घेतात.

ती शाल खुंटीला शे. लग्नाला निघताना खांद्यावर घेतात, रुबाबदार दिसतात मेले, आन् माझ्या पोटात परत जाळ होतो. खोटं कशाला बोलू? पण ते उंबऱ्याबाहेर पडायच्या आत मी मीठ-मिरच्या घेऊन त्यांची दृष्ट काढते, दर खेपेला काढते. शेजारीण हसते, म्हणते एवढी कोणाची नजर लागते गं तुझ्या नवऱ्याला?

माझीच लागते, दुसऱ्या कोणाची?