सात नंबरची खोली

(महाळुंगे, दुपारी. तानुबाईंच्या चाळीतल्या एका खोलीच्या दाराशी. दाराला कुलूप.)

स्वरूपा : कोर्टाचा शिक्का बघा की मावशी. या सात नंबरमधून मला नवऱ्यानं काढायचं नाही, असं लिहून दिलंय. सहा महिने तारखा केल्या, तवा मिळालं.

तानुबाई : शिक्का दिसतोय गं. पर रविराजनं खोलीच सोडली. रविवारी टेंपोत सामान भरलं नि गेला.

स्वरूपा : कुठं?

तानुबाई : मला काय सांगतोय? कंपनीबी सोडली म्हनं. आता हितं परभणीची जोडी ऱ्हाती. दोघंबी शिफ्टला गेल्यात.

स्वरूपा : माझ्या मैत्रीची शाळा इथं आहे मावशी. दुसरीतलं लेकरू. भावाकडं किती दिवस ठेवू? वहिनी बोलत नाही काही, पण ताट वाढताना कळतं.

तानुबाई : मला का कळत न्हाई? त्यानं तुझं डोकं फोडलं तवा हळद मीच दाबली न्हवं!

स्वरूपा : थांबा, संरक्षण अधिकारी मॅडमना लावते. स्पीकरवर ऐका तुम्ही पण... मॅडम, स्वरूपा बोलते. त्यानं खोली सोडली. इथं दुसरेच राहतात.

मॅडम : अरेरे. ताई, आदेश नवऱ्यावर आहे, नव्या भाडेकरूंना उठवता नाही येणार. त्यानं दुसरी खोली घेऊन द्यावी, असा अर्ज करू.

स्वरूपा : पण तो आहे कुठं, तेच ठाऊक नाही.

मॅडम : शोधावं लागेल. तोवर मालकिणीकडून लिहून घ्या, त्यानं खोली कधी सोडली ते. सहीनिशी. ठेवते, आत बोलावलंय.

स्वरूपा : मावशी, दोन ओळी मीच लिहिते. तुम्ही नुसती सही करा.

तानुबाई : न्हाई बाई. आमच्या ह्यांना कळलं तर?

स्वरूपा : कोंडाजीकाका काय म्हणतील? खरं तेच तर लिहायचंय.

तानुबाई : त्ये तोंडानं कुठं काय म्हनत्यात!

स्वरूपा : मावशी, मनगटावर हे वळ...

तानुबाई : असू दे. पदर घेते.

स्वरूपा : तुम्हालाही अर्ज करता येतो. वयाचं काही नसतं त्यात. मॅडमचा नंबर लिहून देऊ?

तानुबाई : तू केलास की अर्ज. आता जानार कुठं?

स्वरूपा : भावाकडंच. दुसरं कुठं?

तानुबाई : ...लिहू नगंस. तोंडानं सांग नंबर. हळू.