आहे तशी ये

धाकटा : “‘तोंडाला हात लावू नका, आहे तशा या.’ डॉक्टरीणबाईंनी एवढं एकच सांगितलं होतं! आणि तू सकाळी सकाळी ताईला खुर्चीत बसवून तिची हनुवटी साफ केलीस?”

आई : “ओरडू नकोस. पडद्याबाहेर गिऱ्हाईक बसलंय.”

धाकटा : “बसू दे. तिलाही कळू दे, या पार्लरची मालकीण किती हुशार आहे ते.”

ताई : “गप रे. माझीच चूक. आईनं दोरा दातात धरला आणि मी सवयीनं मान वर केली.”

आई : “मग काय दाढीमिशा घेऊन चारचौघांत जाणार होतीस?”

धाकटा : “चारचौघांत नाही, दवाखान्यात! बाईंना तेच केस बघायचे होते. कुठे येतात, किती येतात.”

आई : “केसांचा आणि मूल होण्याचा काय संबंध? शाळा सोडली आणि डॉक्टर कधी झालास?”

धाकटा : “गेल्या वेळी दाजी आले नाहीत, तेव्हा आत मीच बसलो होतो हिच्याबरोबर.”

ताई : “संबंध आहे, आई. पीसीओडी म्हणतात त्याला. पुरुषांचं हार्मोन अंगात जास्त होतं. म्हणून केस येतात, पाळी दोन दोन महिने लांबते. बीजच वेळेवर तयार होत नाही, मग दिवस कसे राहणार?”

आई : “पाळी तर तुझ्या मावशीचीही लांबायची. झाली की तिला पोरं.”

ताई : “होतात. गोळ्या घेऊन पुष्कळ जणींना होतात. पण बाई म्हणाल्या, पंचविशीत आला असतात तर सोपं गेलं असतं. आता वयही आडवं येतंय.”

आई : “तेव्हा मला कुणी काही सांगितलं का?”

धाकटा : “सांगायला कशाला पाहिजे? गल्लीतल्या बायकांचा एक डाग तुझ्या नजरेतून सुटत नाही. पोरीची हनुवटी इतकी वर्षं करतेयस, एकदा तरी वाटलं का, हे कशामुळे येतंय?”

आई : “वाटायचं रे. पण पहिलं स्थळ आलं तेव्हा त्या मुलाची आई हिच्या ओठाकडेच टक लावून बसली होती. म्हटलं, माझ्या हातात कला असताना माझ्या पोरीला कुणी नावं ठेवायची नाहीत.”

ताई : “नाही ठेवली. नवऱ्यालासुद्धा पत्ता नाही. ‘आईला भेटून येते’ म्हणायचे आणि इथे येऊन बसायचे. मागे त्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, चेहऱ्यावर केस येतात का? पाळी वेळेवर येते का? हे शेजारीच होते.”

आई : “मग?”

ताई : “केस नाही म्हटलं. पाळी वेळेवर म्हटलं. चेहरा कसा लख्ख होता. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, होईल. त्यावर आम्ही इतकी वर्षं काढली.”

धाकटा : “हे मला बोलली नाहीस कधी.”

ताई : “तुला बोलले असते तर इथला एक आरसा धड राहिला नसता. चल. आज हे ऑफिसातून परस्पर येतायत. त्यांच्यासमोरच सगळं सांगते. मी खाली थांबते, तू गाडी काढ.”

(ताई जिना उतरून जाते.)

आई : “तिच्या नवऱ्यासमोर कशाला? काही बोलले म्हणजे?”

धाकटा : “बोलू देत. हेल्मेट कुठे ठेवलंस माझं?”

आई : “स्टुलावर आहे. ऐक ना. होईल ना रे तिला?”

धाकटा : “प्रयत्न करू म्हणाल्या बाई.”

आई : “तसं सगळेच म्हणतात. तू समोर होतास. म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता?”

धाकटा : “आई, ती खाली उभी आहे. मला निघायला हवं आता.”