फ्लेक्सवरची आई

(लातूर. एका कोचिंग क्लासचं ऑफिस. टेबलावर मोबाईल स्पीकरवर ठेवलेला; फोनवर गावाहून केवळाबाई, निवृत्तीची थोरली बहीण.)

केवळाबाई : आन मी म्हणते, ज्याच्या क्लासात पोरं डॉक्टर व्हायला येतात त्याला एक फोटो उघडता येईना व्हय?

निवृत्ती : आक्का, फोटो नाहीये तो. लिंक आहे. दोन्हींत फरक असतो. तुला नाही कळायचा.

केवळाबाई : कळतंय की. फोटो दिसतो, लिंक दिसत न्हाई.

निवृत्ती : सदफ, काय चाललंय तुझं? फ्लेक्सवाला सारखा फोन करतोय.

सदफ : सर, मेलमधून लिंक दाबली की जुनं ब्राउझर उघडतंय. ते म्हणतंय, आता मी चालत नाही, दुसरं घ्या.

निवृत्ती : मग घे दुसरं. मुहूर्त काढू का?

सदफ : दुसरं आहेच की कॉम्प्युटरवर. पण मेलमधलं काहीही दाबलं की जुन्यातच जातंय. सेटिंग बदलावी लागेल. गेल्या वर्षी म्हणले होते मी. तुम्ही म्हणलात, चालू आहे ना, हात लावू नको.

निवृत्ती : माझी वाक्यं मला ऐकवू नको. कर.

केवळाबाई : तिच्यावर कामून खेकसतो रं? घरात बायको ऐकत न्हाई का?

निवृत्ती : आक्का, तू शेंगा फोड. उद्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. दारावर आईचा फोटो लागायचाय, बारा फुटी. तो फोटो त्या लिंकमध्ये आहे आणि ही मुलगी मला सेटिंग सांगतेय.

सदफ : बदललं. नव्यात उघडतेय... सर, हे म्हणतंय, परवानगी नाही.

निवृत्ती : कुणाला?

सदफ : तुम्हाला.

निवृत्ती : मला? काहीतरी बिघडलंय. हिस्ट्री साफ कर. पोरांना ऑनलाइन लेक्चर उघडलं नाही की मी हेच सांगतो.

सदफ : त्यानं काही होणार नाही सर, हा परवानगीचा...

निवृत्ती : कर म्हणलं ना!

सदफ : केली. परवानगी नाही ती नाहीच. आणि तुमचे सगळे पासवर्ड गेले. क्लासची साइट, बँक, सगळीकडून बाहेर पडलात.

केवळाबाई : जुनं साफ करायची सवय हाय त्याला. गाव साफ केलं, बोली साफ केली. पहिलं माय म्हणायचा, आता आई म्हणतो.

निवृत्ती : आक्का, तुला मी मेल पुढं पाठवायला सांगितला होता. नीट पाठवलास का? का अर्धाच पाठवलास?

सदफ : मेल नीट आलाय सर. पण फोटो फक्त आक्कांच्या मेलवर दाखवायची परवानगी आहे. मेल पुढं पाठवला म्हणून परवानगी सोबत येत नसते. इथं खाली बटण आहे, परवानगी मागा म्हणून.

निवृत्ती : मी मागू? मुरुडच्या फोटोवाल्याच्या नातीकडं?

केवळाबाई : मागू नको. देणार न्हाई ती. मीच सबिहाला सांगितलंय, माझ्याशिवाय कुणालाच दावू नको म्हणून.

निवृत्ती : का?

केवळाबाई : तू फ्लेक्स करशील म्हणून.

निवृत्ती : आईचा फोटो लावणं गुन्हा आहे का?

केवळाबाई : भूकंपात माय गेली, घर पडलं, तसबिरी गेल्या, मायचं तोंड कुठंच उरलं न्हाई. फोटोवाल्यांचे उंबरे कुणी झिजवले? तू का मी? मुरुडच्या म्हाताऱ्या चांदपाशाच्या पेटीत पाटलाच्या घरच्या लग्नाचा रोल निघाला. म्हणला, शेवटचा एक फोटो उरलता, तो चुलीपाशी बायांचा काढला, त्यात तुझी माय हाय. मी म्हणलं, इतक्या बायांत तिलाच कसं ध्यानात ठेवलं? म्हणला, ती जे बोलली ते मरेपर्यंत इसरत न्हाई. त्याच्या नातीनं, सबिहानं, तो फोटो मला मेलवर धाडला.

निवृत्ती : मग तू पाहिलास का फोटो?

केवळाबाई : कुठला! मी दाबलं की पांढरं पान आन मधी एक चकरी फिरून राहिली. म्हणून तर तुला पाठवलं. म्हणलं, शिकलेला हाय. वाटलं, उघडून मला सांगशील माय कशी हाय. तू आधी फ्लेक्सवाल्याला फोन केलास. तवा मी सबिहाला फोन केला.

सदफ : सर, हॉलमध्ये हार घातलेला आईंचा फोटो आहे ना? तोच लावला तर?

केवळाबाई : फोटो म्हणती त्याला! आगं, चित्र हाय ते. आन ती माय न्हाई, मी हाय.

सदफ : तुम्ही?

केवळाबाई : पेंटरला माझा फोटो देलता यानं. म्हणला, जरा म्हातारी करा. केस पांढरे लावले, हार घातला, झाली आई. मी हितं जिती, आन तितं पोरं पेपरच्या आधी माझ्या पाया पडून राहिलेत. माय मेली तवा तिचा एक केस पांढरा नव्हता.

निवृत्ती : आक्का, स्टाफसमोर...

केवळाबाई : शेषेराव मामानं तर भर कार्यक्रमात इचारलं की, केवळा कधी मेली रं?

निवृत्ती : म्हणूनच खरा फोटो पाहिजे ना! उद्या मामा येणार, सगळं गाव येणार. पुन्हा तेच ऐकायचं का मी? सदफ, हे बंद कर आणि इनकॉग्निटोची वेगळी खिडकी उघड. आक्काचाच मेल टाक. मीच काढून दिलाय तिला, मोबाईल घेतला तेव्हा. पासवर्ड निवृत्तीसर, सगळी अक्षरं लहान.

केवळाबाई : माझ्या मेलाला तुझं नाव?

निवृत्ती : तुझ्या लक्षात राहावं म्हणून.

केवळाबाई : सांगितलंस कवा मला?... आगं बया, फोनात कायतरी आलं. लातूरमधून कोणीतरी तुमचं खातं उघडत आहे. तुम्हीच आहात का?

निवृत्ती : हो दाब.

केवळाबाई : मी कशी? मी तर नव्या गावात ओट्यावर बसलेय.

निवृत्ती : तसं काही नसतं, नुसतं दाबायचं असतं!

केवळाबाई : एकदा माझं तोंड नेऊन माय केलीस. आता मीच व्हायला निघाला. हे बघ, हितं लिहिलंय, नाही, मी नाही. दाबलं.

सदफ : काढलं सर बाहेर.

निवृत्ती : अडाणी ते अडाणीच! आठवी पूर्ण झाली नाही आणि मला अडवणार. अख्ख्या मराठवाड्यातून पोरं येतात माझ्याकडं, आणि माझी बहीण मला एक बटण दाबून देत नाही.

केवळाबाई : आठवी कामून पूर्ण झाली न्हाई ते पण सांग की भाषणात. माय गेल्यावर पत्र्याच्या शेडात तू गळ्याला मिठी मारून बसायचास, सोडायला तयार न्हाई. तुला काखेत घेऊन शाळेत जाऊ का?

सदफ : सर, धर्माबादचे पालक केबिनमध्ये बसलेत मघापासून. मुलगा रडतोय.

निवृत्ती : एवढ्याशा मार्कांवर रडणारच. मी कारटं सरळ करून येतो. तोवर हे उघडलेलं पाहिजे मला. कसंही.

सदफ : हो सर.

केवळाबाई : गेला का?

सदफ : गेले. आक्का, खरं सांगू? तुम्ही नाही दाबलं ना, मला लई बरं वाटलं.

केवळाबाई : तुझ्यावर रोजच खेकसतो का असा?

सदफ : रविवार सोडून. पण आक्का, तुमच्या मोबाईलमध्ये उघडायला पाहिजे हा फोटो. परवानगी तर तुमच्याकडंच आहे. ते पांढरं पान येतंय ना, ते मेलच्या आतच उघडायला बघतंय म्हणून येतंय. बाहेर नेऊन उघडू आपण. करता का मी सांगते तसं?

केवळाबाई : सांग. पण ओरडू नको.

सदफ : मी कशाला ओरडू? ती निळी ओळ आहे ना, तिच्यावर बोट ठेवा आणि उचलू नका. दाबून धरा.

केवळाबाई : धरलं. कायतरी निघालं खाली.

सदफ : कॉपी लिहिलंय तिथं दाबा. आता मेल बंद. साक्षी तुम्हाला जिथं हवामान काढून देते ना, ते उघडा.

केवळाबाई : साक्षी माझी पोरगी हाय, तुला कसं ठाव?

सदफ : मागं क्लासचं प्रॉस्पेक्टस न्यायला आली होती, तेव्हा सांगत होती. सर म्हणले, भाचीला सवलत नाही, शिस्त म्हणजे शिस्त.

केवळाबाई : म्हणणारच. बरं, उघडलं.

सदफ : वरच्या पट्टीत बोट दाबून धरा, पेस्ट येईल. दाबा. मग बाण.

केवळाबाई : फिरून राहिलं... फिरून राहिलं... थांब.

सदफ : आलं?

केवळाबाई : बोलू नको. चष्मा... कुठं ठेवला... आगं माय. आगं माझ्या माय.

सदफ : आक्का? रडायलात का?

केवळाबाई : हसून राहिले. कुठं दडून बसलीवतीस गं इतके दिस? काय तोंड केलंय बघ बाईनं! जशीच्या तशी हाय. मला वाटलं होतं, मी इसरले. न्हाई इसरले, सदफ. बघितल्याबरोबर वळखलं.

सदफ : सर आले. आक्का, सर आले.

निवृत्ती : उघडलं का?

केवळाबाई : पाठव तुझं ते काय हाय ते. आता दाबते.

निवृत्ती : आली शुद्धीवर. मघाशीच दाबलं असतं तर?

सदफ : पुन्हा टाकते, सर. आक्का, माझ्याकडं सत्तेचाळीस आकडा आलाय. तुमच्या फोनात तोच दाबा.

केवळाबाई : दाबला. बघ म्हणावं आता त्याला. नीट बघ म्हणावं.

निवृत्ती : सरक सदफ, मला बसू दे. मोठं कर... वा! बघ, ही माझी आई! हिरवा शालू, नथ, काय रुबाब आहे. मी सांगतो ना भाषणात, दहा बायांत उठून दिसायची. एवढा चेहरा काप, बाकीची गर्दी काढून टाक आणि फ्लेक्सवाल्याला पाठव.

केवळाबाई : पाठव, पाठव. पाटलाचा नातू येणार हाय ना उद्या? लई खूष होईल.

निवृत्ती : म्हणजे?

केवळाबाई : पाटलीणबाई हाय ती. भाकरी पुरतात का न्हाई ते बघायला चुलीपाशी आलती.

निवृत्ती : मग आई कोणती?

केवळाबाई : शोध की. भाषणं ठोकतोस ना तिच्यावर?

निवृत्ती : ही... घागर धरलेली?

केवळाबाई : शेजारची गोदावरी.

निवृत्ती : मग ही हसणारी असणार.

केवळाबाई : माय? हसणार? आन फोटोवाल्याकडं बघून?

निवृत्ती : आक्का, सांग ना.

केवळाबाई : चुलीच्या डाव्या अंगाला बघ. हात परातीत हायत, कपाळाला पीठ. बाकीच्या लाजून खाली बघून राहिल्यात. ती एकटी नीट समोर बघती.

निवृत्ती : ही? ही तर... पोरगी आहे. साक्षीपेक्षा थोडी मोठी असेल.

केवळाबाई : तेवढीच होती माय.

निवृत्ती : चिडलीय ती.

केवळाबाई : चिडली न्हाई. चांदपाशा चुलीपाशी चपला घालून आलता. म्हणली, लई मोठा आला फोटोवाला, आधी चपला काढ, मग बायांची तोंडं काढ. त्याच टायमाला त्यानं बटण दाबलं.

सदफ : नजर तुमच्यासारखीच आहे, सर. मुलांचे मार्क बघता तेव्हाची.

निवृत्ती : सदफ...

सदफ : खरंच सर. भुवई बघा ना.

निवृत्ती : हा फोटो दारावर कसा लावू मी? बारा फुटांची ही नजर? पालक आत पाऊल टाकणार नाहीत.

केवळाबाई : म्हणूनच तर हो दाबलं. बघितल्याबरोबर कळलं मला, हिचा फ्लेक्स करायची कुणाची टाप न्हाई.

निवृत्ती : मी पाच वर्षांचा होतो, आक्का. मला कुणाचं तोंड आठवणार? डोळे मिटून आई म्हणलं की मला तूच दिसतेस. मग पेंटरला दुसरं काय देणार होतो मी?

केवळाबाई : ऐकून राहिले. भाषण ठोकू नको. हितं टाळ्या वाजवायला कुणी न्हाई.

सदफ : सर, फ्लेक्सवाला. पुन्हा. मशीन चालू करून बसलाय म्हणतो.

निवृत्ती : नुसतं आईचं नाव टाक म्हणावं. धुरपदाबाई. फोटो नको. आणि सदफ...

सदफ : जी सर.

निवृत्ती : हॉलमधल्या चित्राचा हार काढ. आत्ता जा.

सदफ : चित्र पण काढू?

निवृत्ती : चित्र राहू दे. हार काढ.

केवळाबाई : झालं असलं तर ठेवू का फोन? शेंगा तशाच पडल्यात.

निवृत्ती : थांब थोडं. आक्का, माय माझ्याकडं पण अशीच बघायची?

केवळाबाई : सगळ्यांकडं अशीच बघायची. आन मग वाढायची.