मुठीच्या पट्टीखाली

(भालकी, १९४८. निजामाची सत्ता जाऊन पंधरवडा झाला आहे. बंदुका दुरुस्त करणाऱ्या काशप्पाचं दुकान. समोर बाणूबाई आणि तिचा धाकटा दीर बिराप्पा.)

बिराप्पा : वैनी, आता आनखी काय बघायचं ऱ्हायलंय? मौलासाब पिंजाऱ्याच्या कडब्यात हे पिस्तूल घावलं. वाड्याच्या श्रीपतरावांनी सोता आणून आपल्या हातात दिलं. उठा, चला.

बाणूबाई : बस खाली बिरू. ज्याचा जीव घ्यायचा त्याची खात्री नको व्हय करायला? अण्णा, तुम्ही बघा. अन् ही गोळी. गेल्या साली आमच्या मालकाच्या बरगडीतनं निघालेली.

काशप्पा : हं. थोराड शिसं हाय. नळीच्या तोंडाला लावून बघतो... बसली. असलं दुसरं हत्यार ह्या भागात मी तरी बघितलं न्हाई, अक्का. ह्याचीच हाय.

बिराप्पा : झालं! मी काय म्हणत होतो?

काशप्पा : घाई कामून करायलास, तम्मा? हे कुठलं, कवाचं, ते तर बघू दे. श्रीपतराव काय म्हणाले?

बाणूबाई : म्हणाले, रझाकारांनी हैद्राबादेहून कोरी हत्यारं आणून वाटली, त्यातलंच एक.

काशप्पा : कोरं? नळीच्या वर हा बाण ठोकलाय बघा. इंग्रजाच्या फौजेचा शिक्का. बाजूला साल हाय, एकोणीसशे सोळा. पहिल्या जर्मन लढाईतलं रिव्हॉल्वर हे. कुणी शिपायानं आणून विकलं असंल.

बिराप्पा : जुन्या हत्यारानं मानूस मरत न्हाई व्हय?

काशप्पा : मरतो की. पण पावसाळाभर कडब्यात पडलेलं लोखंड असं ऱ्हात न्हाई. हात लाव, तेल ताजं हाय. थांब, मुठीचा पेच काढतो, पट्टीखाली गंज लपून बसतोय... शिव शिव!

बाणूबाई : काय झालं अण्णा?

काशप्पा : हिकडं उजेडात या. बघा.

बाणूबाई : हळद-कुंकू?

काशप्पा : वरचं लाल. खालचं तेलात मुरून काळं ठिक्कर पडलंय. एका सालाचं काम न्हवं हे. दर खंडेनवमीला कुणीतरी ह्याची पूजा केलीय. बोटानं दाबून लावलं की फटीतनं आत जाऊन बसतंय.

बिराप्पा : मौलासाबच्या घरात?

काशप्पा : तूच सांग.

बिराप्पा : चोरून आनलं असंल त्यानं.

बाणूबाई : गप बिरू. मला आठवायलंय. खंडेनवमीला मी श्रीपतरावांकडं सारवायला जायची. देवघरात पाटावर तलवार असायची अन् बगलेला तबक, वर रुमाल. त्यांच्या घरच्या कमलबाई तलवारीला हळद-कुंकू वाहायच्या, तबकाला हात लावायच्या न्हाईत. श्रीपतराव सोता रुमालाखाली हात घालून हळद-कुंकू लावायचे. मी इचारलं, बाईसाब, आत काय हाय? म्हणाल्या, घरच्या देवाचं हाय, बायकांनी बघू नये. मग मी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायची. ह्याला हात जोडायची अण्णा, दरसाली.

बिराप्पा : वैनी... दादा त्यांना कुरणात नांगर घालू देत न्हवता. तेवढ्यासाठी?

बाणूबाई : तेवढ्यासाठीच. रझाकारांच्या धामधुमीत एक धनगर मेला तर कोण इचारतंय? आता पलटण चौकशी करायलीय, तर खुनी म्हणून कुणीतरी दाखवायला पायजे. तोबी आपल्या हातनं मेलेला, म्हणजे तोंड उघडायला नको.

बिराप्पा : काल त्यांच्या ओसरीवर जेवलो मी. तूप वाढत म्हणाले, खा बिराप्पा, मर्दाचं ताट हाय. आना ते हिकडं. आत्ताच जातो!

काशप्पा : तम्मा, थांब. छावणीत नेऊन द्या. मी येतो संगट. हे कुंकू सायबाला दाखवतो.

बाणूबाई : छावणीत सायबाच्या शेजारी दुभाष्या म्हणून श्रीपतरावच बसायलेत अण्णा. आपलं म्हणणं तेच सांगणार की.

काशप्पा : मग देवावर सोडा. तुमचा बिरोबा हाय.

बाणूबाई : त्यालाच वरीसभर एकभुक्त ऱ्हाऊन इचारायले, कुणी मारलं म्हणून. आज त्यानं नाव सांगितलं. पुढचं माझ्याकडं. पट्टी लावा परत.

काशप्पा : पाप लागंल, अक्का.

बाणूबाई : मौलासाबच्या नातीला मी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंय. त्याच्याच दारात हे घेऊन जायला निघाले होते. त्या पापातनं तुम्ही सोडवलंत. हे माझ्या वाट्याचं हाय, मला घेऊ द्या.

बिराप्पा : मी काय करू, वैनी?

बाणूबाई : तू श्रीपतरावांकडं जा. पाया पड. म्हणाव, वैनी मौलासाबला मारायला तयार हाय, पण बाईमाणूस, तिचा हात कापायलाय, तिला हे चालवता येईना. सांजच्याला मेंढवाड्यावर येऊन तेवढं शिकवून जावा.