धुरीच्या खोलीचा पंप

नाशिकच्या सरकारी दवाखान्यात, छातीच्या डॉक्टरांच्या दारापाशी खुर्शीदाबी धापा टाकत बसल्या होत्या. शेजारी बेदाण्याच्या शेडवर काम करणारी सुवर्णा आणि तिची मावशी बोलत होत्या.

"महिन्याचा दम्याचा पंप आठ दिवसांत संपवला?"

"मी एकटी थोडीच वढते, मावशे? बेदाणा पिवळा ऱ्हावा म्हणून खोलीत गंधक जाळत्यात, त्या धुरीत शिरताना सगळ्याच दोन-दोन फवारे मारत्यात. मालकानं दाराशी खिळ्यालाच टांगलाय."

"अन् मास्क?"

"मास्क त्याला इकत आणावा लागतो. पंप हितं फुकट हाय."

"लय शाना हाय मुडदा! डॉक्टरीणबाईला खरं सांग."

"ती काम सोड म्हणल. घरी कोण खाऊ घालील, तू?"

तेवढ्यात सुवर्णाचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी दारातूनच विचारलं, "पंपानं फरक पडला का?"

"लय पडला, मॅडम. आधी दोन मिनटं निघत नव्हती, आता धा मिनटं आत ऱ्हाते."

"आत? कशाच्या आत?"

सुवर्णानं मावशीकडे पाहिलं.

"बोल बेटी," खुर्शीदाबी म्हणाल्या. "मी मालेगावला लूमवर कापसाची धूळ गिळत तीस साल गप बसले."

"गंधकाच्या खोलीत, मॅडम," सुवर्णा म्हणाली. "अन् मी एकटी नाय. आम्ही अकराजणी."